अल्ब्युमिनचा आकडा

कर्करोगाच्या रुग्णाची फाइल घेऊन कर्जतहून अहिल्यानगर, बार्शी वा पुणे गाठणारी कुटुंबे आपल्या समाजातही आहेत. गाठीचा अहवाल सारे वाचतात. रक्ततपासणीतील ‘सिरम अल्ब्युमिन’ ही ओळ बहुधा नजरेतून सुटते.

रोग कोणत्या टप्प्यात सापडला यावर आयुष्य अवलंबून असते. बार्शीत १९८७ पासून चाललेल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीने हे दाखविले : गावोगावी जाऊन माहिती दिल्यावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया लवकर उपचारास आल्या व अधिक जगल्या. पोषण हा त्याच हिशेबातील दुसरा रकाना. अल्ब्युमिन हे यकृतात तयार होणारे प्रथिन. निरोगी प्रौढाच्या रक्तात दर डेसिलिटरला साधारण ३.५ ते ५ ग्रॅम. उपचारापूर्वी ते कमी असलेले रुग्ण कमी जगतात, असे अनेक अभ्यासांत आढळले. १९८४ मध्ये जपानच्या ओनोडेरा यांनी पचनसंस्थेच्या शस्त्रक्रियांसाठी सूत्र मांडले. अल्ब्युमिनची दहापट करावी; रक्तातील लिम्फोसाइट पेशींची प्रति घन मिलिमीटर संख्या ०.००५ ने गुणून त्यात मिळवावी. अल्ब्युमिन ३.२ व पेशी १,२०० असतील, तर ३२ अधिक ६, म्हणजे ३८. पंचेचाळीसच्या वर त्यांनी शस्त्रक्रिया सुरक्षित मानली. चाळीसच्या खाली आतडे कापून जोडणे टाळावे असे सुचविले.

तथापि, एका दिवसाची शिल्लक पाहून कोणी पेढीची प्रकृती ठरवीत नाही. शरीरात दाह असला की पोटभर जेवणाऱ्याचेही अल्ब्युमिन घटते. म्हणूनच ग्लासगोच्या डॉक्टरांनी त्याच्या जोडीस दाह दर्शविणारे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन धरले. वजन किती उतरले, घास गिळवतो का, हेही पाहावे लागते.

आपल्याकडे मात्र आकडा कमी दिसताच ‘अल्ब्युमिनची बाटली लावा’ असा आग्रह धरला जातो. बाटली महाग असते. काही विशिष्ट अवस्थांत डॉक्टर ती देतात, पण ते अन्न नव्हे. कागदावरचा आकडा काही दिवस वर जातो. झिजलेले स्नायू भरून येत नाहीत.

त्यापेक्षा पहिल्या केमोथेरपीपूर्वीच आहारतज्ज्ञांची भेट घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार नसेल, तर पन्नास किलो वजनाच्या रुग्णाला रोज साधारण ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. शंभर ग्रॅम पनीरात सुमारे १८ ग्रॅम, पेलाभर दुधात आठ. शिवाय मूग, दही, शेंगदाणे आहेतच. कंदमुळे वर्ज्य केल्याने प्रथिनांत तूट येत नाही, कारण बटाट्या-कांद्यात ती नाममात्रच.

खरा पेच चातुर्मासात पडतो. उपचार चालू असताना आजी आयंबिल धरते आणि घरातले भीडेपोटी गप्प बसतात. वास्तविक प्रत्याख्यानात समाधी टिकविण्यासाठी आगार ठेवलेला आहे. चौविहार पाळूनही सूर्यास्तापूर्वी सहा वेळा थोडेथोडे खाता येते. तेवढ्याने भागत नसेल, तर महाराजसाहेबांना विचारावे. आणि विचारायला जाताना वजनाची नोंद व डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्यावी.