काकांना दार दिसलं पाहिजे

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. स्क्रीनवर बटण कुठं हवं, यावर आम्ही पुण्यात तासन्‌तास वाद घालतो. पण फोंडाघाटच्या घरात काकांची खुर्ची कुठं हवी, हे कुणी विचारलंच नव्हतं.

काका फौजेतून निवृत्त. दोन वर्षांपूर्वी कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधलं. पडवी गेली, हॉल आला. समोर टीव्ही, मग सोफा, सोफ्याच्या पाठीमागे दार. काका त्यावर कधी बसलेच नाहीत. जिन्याच्या पायरीवर बसायचे. सगळे म्हणाले, हेकट झालेत. मी विचारलं तर एवढंच म्हणाले, "माका दार दिसाक व्हया."

सतत सावध असणं, मागची चाहूल न सोसणं, आवाजानं दचकणं ही पीटीएसडीची लक्षणं असू शकतात. काकांना तोच आजार आहे का, ते डॉक्टर ठरवतील. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं 1980 साली त्याला अधिकृत निदान मानलं. त्याआधी 1915 साली 'लॅन्सेट'मध्ये 'शेल शॉक' हा शब्द छापून आला होता. म्हणजे शंभर वर्षांहून जुनी गोष्ट, आणि आपण अजून 'हेकट' म्हणतोय.

आता 'हीलिंग इंटिरिअर' नावाचं दुकान निघालंय. फिकट भिंती, कुंडीतला बांबू, मंद दिवे. माझा विरोध याला आहे. 1984 साली रॉजर उलरिच यांनी दाखवलं की, पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. ते सैनिक नव्हते, मान्य. पण तिथं महागडं सामान नव्हतं, फक्त खिडकी होती. आपल्या पडवीत काय वेगळं होतं? पाठीला भिंत, समोर अंगण, येणारा माणूस लांबूनच दिसायचा.

"फर्निचरनं आजार बरा होतो का?" नाही होत. उपचार लागतातच. पण काकांना एका दवाखान्यात नेलं, तर तिथं खुर्च्या दाराकडे पाठ करून, नंबर लाउडस्पीकरवर. नंबर येण्याआधीच ते घरी परतले. मग कसले उपचार?

आमच्याकडे यूजर अडखळला तर आम्ही डिझाइन बदलतो, यूजरला हेकट ठरवत नाही. घरचा सोफा फिरवायला दोन माणसं आणि दहा मिनिटं लागली. चौकात रणगाडा ठेवायला आपल्याकडे पैसे असतात, 15 ऑगस्टला सलामही ठोकतो. त्याच माणसाला दार दिसेल अशी एक खुर्ची द्यायला काय लागतं?