नायकपणाचे प्रमाणपत्र कोण देतो?

सुपरहिरोंच्या विनोदी चित्रपटांना 'टाईमपास' म्हणून झटकून टाकले जाते. पण विचित्र, नापास, कुणीच न विचारलेले नायक लोकांना इतके का आवडतात? योग्यता म्हणजे काय आणि ती ठरवतो कोण, हा खरा मुद्दा त्यामागे आहे.

१९९९ सालचा 'मिस्टरी मेन' घ्या. बॉब बर्डन यांच्या कॉमिक्सवरून किंका अशर यांनी तो दिग्दर्शित केला. त्यातल्या चॅम्पियन सिटीचा मान्यताप्राप्त नायक कॅप्टन अमेझिंग अंगभर प्रायोजकांचे बिल्ले लावून फिरतो. मोठे गुन्हेगार गजाआड गेले, तसे प्रायोजकही पाठ फिरवू लागले. मग हे महाशय काय करतात? वेड्यांच्या इस्पितळात डांबलेल्या खलनायकाला स्वतः खटपट करून सोडवतात! म्हणजे रक्षकाचे दुकान चालावे म्हणून शहरावर संकट आणायचे. पुढे त्याच खलनायकाच्या तावडीत ते सापडतात.

मग शहर वाचवते कोण? एक जण फावडे चालवतो, दुसरा काटे-चमचे फेकतो, तिसऱ्याला नुसताच राग येतो. एक मुलगा अदृश्य होतो, पण कुणी पाहत नसेल तरच! हसू येणारच. मात्र ऐन वेळी सोबती नजर वळवतात आणि त्याची तीच शक्ती कामी येते. गुण त्याच्यात होताच. त्याला वाव देणारी सोबत तेवढी नव्हती.

कुणी म्हणेल, हे चित्रपट दुबळ्यांचीच टिंगल करतात. काही अंशी खरे आहे. पादणे हीच शक्ती असलेले पात्र इथेही आहे, आणि तो विनोद शिळाच आहे. म्हणून कसोटी एकच लावावी: हसण्याचा शेवटचा तडाखा कुणाला बसतो? इथे तो बिल्लेवाल्याला बसतो. शिवाय हे वेडेबागडे धुतल्या तांदळासारखेही नाहीत. कॅप्टनला सोडवायला जातात आणि त्यांच्याच गोंधळात तो मरतो. तरीही ते पुन्हा उभे राहतात, एकत्र येतात. प्रेक्षकाला आपलेपणा वाटतो तो इथे.

'मिस्टरी मेन'चा खर्च तिकीटबारीवर वसूल झाला नाही. २०१४ मध्ये मात्र मार्वेलच्या 'गार्डियन्स ऑफ द गॅलॅक्सी'तल्या अशाच बेढब टोळीने ७७ कोटी डॉलरच्या वर कमावले. बाजाराला आता कळले आहे की नापासांची गोष्टही विकता येते. तेव्हा ती जरूर पाहा, मनसोक्त हसा. पण उद्या फावडेवाल्याच्या अंगावर बिल्ले दिसू लागले, तर त्यालाही हाच प्रश्न विचारा: बाबा रे, तू कुणासाठी लढतोस?