पदक गळ्यात, पेला रस्त्यावर

धावपटू वेगात येतो, टेबलावरचा कागदी पेला उचलतो, दोन घोट घेतो, उरलेले पाणी डोक्यावर ओततो आणि पेला सोडून देतो. मागून येणाऱ्याचा पाय त्याच पेल्यावर पडतो. तासाभरात टेबलापुढचा रस्ता चिरडलेल्या पेल्यांनी, अर्धवट रिकाम्या बाटल्यांनी आणि एनर्जी जेलच्या चिकट पाकिटांनी भरून जातो. मोठ्या मॅरेथॉनमध्ये हे इतके नेहमीचे झाले आहे की एरवी चॉकलेटचा कागदही खिशात ठेवणारी माणसे छातीवर क्रमांकाचा बिब लावल्यावर बिनदिक्कत पेला फेकतात.

हिशेब साधा आहे. एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत दर अडीच किलोमीटरला पाणी ठेवले, तर आठ थांबे होतात. दहा हजार धावपटूंनी प्रत्येक ठिकाणी एकच पेला घेतला, तरी ऐंशी हजार पेले झाले, तेही दोन-तीन तासांत. या कागदी पेल्यांना आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून ते ना नीट कुजतात, ना साध्या रद्दीत जातात. जेलची पाकिटे तर अनेक थरांच्या फिल्मची. त्यांचा फाडलेला कोपरा नखाएवढा असतो आणि झाडूच्या काड्यांतून सहज निसटतो.

सुरतला धावण्याची हौस मोठी आहे. 25 फेब्रुवारी 2018 रोजी इथल्या ‘रन फॉर न्यू इंडिया’ या रात्रीच्या मॅरेथॉनला पंतप्रधानांनी झेंडा दाखवला होता. शहराच्या स्वच्छतेचे नावही तेवढेच मोठे. स्वच्छ सर्वेक्षण 2023 मध्ये इंदूरच्या बरोबरीने सुरत देशात पहिले आले. या दोन अभिमानांची गाठ पडते ती शर्यतीनंतरच्या रस्त्यावर.

सुरतचे मुख्य रस्ते रात्री झाडले जातात. त्यामुळे टाकलेला पेला फार काळ पडून राहत नाही. धावपटू पदक घालून, फोटो काढून घरी जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रस्त्याने गाडी घेऊन निघतो तेव्हा रस्ता लख्ख असतो. आपण मागे काय टाकले, ते त्याला कधी दिसतच नाही. अस्वच्छ शहरात निदान तो कचरा चार दिवस डोळ्यांत खुपला असता. इथे सफाई कामगारांची तत्परताच धावपटूची चूक झाकून टाकते. वाकून वेचायचे काम मात्र कोणाला तरी करावेच लागते.

ही स्वच्छता या शहराला फुकट मिळालेली नाही. सप्टेंबर 1994 मध्ये, पूर आणि साचलेल्या घाणीनंतर, सुरतेत प्लेग पसरला. पन्नासहून अधिक माणसे गेली आणि लाखो लोकांनी शहर सोडले. उधना, लिंबायत भागातल्या खानदेशी कुटुंबांनी ताप्ती लाइनची गाडी धरून नंदुरबार, धुळे, जळगाव गाठले. त्या घरांतली वडीलधारी माणसे ते दिवस विसरलेली नाहीत. 1995 मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. अधिकाऱ्यांना थंड केबिनमधून उठवून रोज रस्त्यावर उतरवण्याची त्यांनी लावलेली शिस्त आणि रात्रीची झाडलोट यांतून आजची सुरत उभी राहिली. झाडूतून निसटलेला कोपरा शेवटी गटारातच जातो, आणि पावसाळी गटारे मोकळी ठेवण्याची किंमत या शहराला पुस्तकातून शिकावी लागलेली नाही.

मग धावणाऱ्यांनी पाणी प्यायचे नाही का? अवश्य प्यायचे. सुरतच्या दमट हवेत पाणी तोडणे जिवावर बेतेल, आणि तसे कोणी सुचवूही नये. प्रश्न आहे तो पाणी कशातून द्यायचे आणि ते भांडे कुठे टाकायचे, एवढाच.

जगात याची उत्तरे शोधली गेली आहेत. लंडन मॅरेथॉनने 2019 मध्ये एका थांब्यावर समुद्री शेवाळापासून बनवलेल्या, गिळता येणाऱ्या वेष्टनातून पेय दिले. अशी तीस हजारांवर वेष्टने वाटली गेली. त्याच वर्षी इतर बदलही करून बाटल्यांची संख्या 9 लाख 20 हजारांवरून 7 लाख 4 हजारांवर आणली. मोरोक्कोच्या वाळवंटातल्या ‘मॅरेथॉन दे साब्ल’मध्ये पाण्याच्या बाटलीवर आणि झाकणावर धावपटूचा क्रमांक लिहिलेला असे. वाळूत बाटली सापडली की टाकणारा कोण ते कळे आणि दंड बसे. आल्प्समधल्या ‘यूटीएमबी’ या डोंगरी शर्यतीत पेला स्वतःचाच बाळगावा लागतो. सायकलिंगमध्ये 1 एप्रिल 2021 पासून ठरलेल्या पट्ट्याबाहेर काही फेकायला मनाई झाली. चौथ्याच दिवशी ‘टूर ऑफ फ्लँडर्स’मध्ये मिखाएल शेर या स्विस सायकलपटूला प्रेक्षकांकडे बाटली टाकल्याबद्दल शर्यतीबाहेर काढले. ती शिक्षा कठोरच होती, पुढे नियम सौम्यही झाला. पण बाटली कुठे सोडायची याचा विचार प्रत्येक सायकलपटूला करावा लागला.

शहरात निदान झाडू तरी फिरतो; डोंगरात तर झाडूवाला पाठोपाठ येत नाही. सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा मार्ग यवतेश्वर घाटातून कासच्या रस्त्याने जातो. त्याच रस्त्यावर पुढे असलेल्या कास पठाराला 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. अशा वाटेवर जेलचा एक फाटका कोपरा गवतात गेला की तो गेलाच.

सुरत महापालिकेला यासाठी नवा कायदा नको. शंभराहून अधिक माणसांच्या कार्यक्रमाची सूचना तीन कामकाजाचे दिवस आधी द्यावी आणि कचरा जागेवरच वेगळा करून सोपवावा, ही जबाबदारी घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनीच आयोजकावर टाकली होती. तिला शर्यतीपुरता आकार द्यायला हवा. धावपटूला किटमध्ये घडीचा मऊ पेला द्यावा. प्रत्येक टेबलापुढे दोनशे मीटरपर्यंत मोठी जाळी आणि पिंपे लावावीत. त्यापलीकडे फेकणाऱ्याच्या वेळेत मिनिटे वाढवावीत. वैयक्तिक विक्रमासाठी धावणाऱ्याला दोन मिनिटे फार लागतात. आयोजकाकडून अनामत घ्यावी आणि जमलेल्या कचऱ्याचे वजन जाहीर झाल्यावरच ती परत करावी. प्रायोजकांच्या नावांसोबत तो किलोंचा आकडाही निकालाच्या पानावर छापावा.

शर्यतींचा मोसम हिवाळ्यात येतो, पण परवानगीचे अर्ज त्याच्या कित्येक आठवडे आधी मुगलीसऱ्यातल्या महापालिका कार्यालयात पोहोचतात. या अटी तिथेच, सही होण्याआधी लिहिल्या जायला हव्यात.