फोन वाजेल, उचलणार कोण?

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात मोहन आगाशे यांनी साकारलेले चक्रपाणी शास्त्री रस्त्यावरचा हत्ती पाहून गाडीतून उतरतात आणि लहान मुलासारखे त्याच्या मागे चालू लागतात. संस्कृतच्या या निवृत्त प्राध्यापकांना घरचा रस्ता आठवत नाही. मुलगी कासावीस होऊन त्यांना शोधत फिरते. त्यांच्या गळ्यात क्यूआर कोडचे लॉकेट असते, तर कोणीतरी ते स्कॅन केले असते आणि मुलीचा फोन वाजला असता. असे घडू शकते, याचा दाखला मुंबईत मिळाला आहे. सप्टेंबर 2023 मध्ये वरळीतून हरवलेला, बौद्धिक अक्षमता असलेला एक मुलगा कुलाब्यात सापडला आणि गळ्यातल्या अशाच लॉकेटमुळे काही तासांत घरी पोहोचला.

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी तंत्रज्ञान काय करू शकते, हे यातून कळते. त्याची मर्यादाही इथेच कळते, कारण वाजलेला फोन उचलायला माणूस लागतो. देशात साठीपुढच्या 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज ‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासातून पुढे आला. 2036 पर्यंत ही संख्या 1 कोटी 69 लाखांवर जाईल, असेही त्यात म्हटले आहे. यातल्या बहुतेकांची शुश्रूषा घरातच होते आणि तो भार बहुधा पत्नी, सून किंवा मुलीवर पडतो. मुले दूरच्या शहरात किंवा परदेशात आणि सत्तरीतली पत्नी पंच्याहत्तरीतल्या पतीला सांभाळते आहे, हे दृश्य आता गावांनाही नवे राहिलेले नाही.

अशा घरात थोडे डोकावून पाहावे. सकाळी आठला मोबाइलचा गजर होतो. गोळीची आठवण करून देण्यासाठी तो लावलेला असतो. पण आजोबा तो बंद करून टाकतात, कारण तो कशासाठी वाजतो हेच त्यांना आठवत नाही. त्याच जागी नातीचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, ‘आबा, निळ्या डबीतली गोळी घ्या, वर पाणी प्या’, तर हात डबीकडे जाण्याची शक्यता कितीतरी वाढते. फोनमध्ये नावांच्या लांबलचक यादीऐवजी लेकीचा, मुलाचा फोटो असला की बोट नेमके तिथे पडते. मोबाइल तोच असतो, फक्त तो वापरणाऱ्याचा विचार झालेला असतो. आजार वाढत जातो तशी ही मांडणीही बदलावी लागते आणि ती कधी बदलायची, हे रोज सोबत राहणाऱ्यालाच उमगते.

नेमका हा विचार आपल्या डिजिटल व्यवहारांत दिसत नाही. निवृत्तिवेतनासाठीचा हयातीचा दाखला चेहरा दाखवून घरबसल्या मिळतो, ही मोठीच सोय आहे. पण पडद्यावरची ‘डोळे मिचकावा’ ही सूचना ज्यांना कळत नाही, त्यांनी काय करायचे? ॲपची रचना अचानक बदलली की महत्प्रयासाने अंगवळणी पडलेली सवय मोडते. ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालणाऱ्या भामट्यांसाठी तर गोंधळलेला, एकटा वृद्ध म्हणजे आयते सावज. मोठ्या रकमेचा व्यवहार होण्याआधी घरच्या विश्वासू व्यक्तीला विचारणा जाईल, अशी सोय प्रत्येक बँकेने द्यायला हवी.

काळजीच्या नावाखाली पाळत ठेवणेही योग्य नाही. आईच्या खोलीत कॅमेरा लावताना तिला विचारले होते का? आजार सुरुवातीच्या टप्प्यावर असताना माणूस आपले मत सांगू शकतो. त्याच वेळी ते विचारून ठेवले पाहिजे. विसर पडला म्हणून मान संपत नाही.

सरकारची जबाबदारी याहून मोठी आहे. आशा सेविका घरोघरी जी तपासणी यादी भरतात, तिच्यात ज्येष्ठांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्यांची नावे किंवा स्वतःच्या घरचा पत्ता विसरता का? प्रश्न अगदी योग्य आहे. पण ‘हो’ असे उत्तर आले, तर त्या व्यक्तीला पुढची तपासणी, औषधोपचार आणि कुटुंबाला मार्गदर्शन मिळेल, याची हमी हवी. ज्येष्ठांसाठीची 14567 ही राष्ट्रीय हेल्पलाइन सकाळी 8 ते रात्री 8 चालते. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण मात्र मध्यरात्रीही दार उघडून बाहेर पडतो. जपानमध्ये 2023 या एका वर्षात स्मृतिभ्रंश असलेले 19 हजारांहून अधिक लोक बेपत्ता झाल्याची नोंद झाली. तिथल्या इरुमा शहराने वृद्धांच्या नखांवर चिकटवायचे क्यूआर कोड 2016 मध्येच दिले. त्या कोडमागे नगरपालिका उभी आहे. आपल्याकडेही महापालिका, पोलिस ठाणी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांनी मिळून असे लॉकेट मोफत द्यावे आणि त्यावरचा फोन चोवीस तास उचलला जाईल, अशी व्यवस्था उभारावी. काळजी घेणाऱ्यांना मराठीतून प्रशिक्षण आणि अधूनमधून विसावा मिळावा.

ही व्यवस्था उभी राहीपर्यंत घरच्यांनी थांबू नये. वडील रोजचा रस्ता चुकू लागले, आई तेच तेच विचारू लागली, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे न्या. आणि आजच त्यांच्या खिशात, पदराला किंवा पिशवीत नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.