खुंट्यांवरचे विणकाम

विणणे हे क्रियापद आपल्या भाषेत मोठे उदार आहे. कोष्टी लुगडे विणतो, आजी नातवाचे टोपरे विणते, सुगरण पक्षी घरटे विणतो आणि बाजही विणलीच जाते. क्रिया एकच असली तरी हातांची रीत मात्र निरनिराळी असते. मागावर उभे आणि आडवे असे दोन तऱ्हांचे धागे एकमेकांत गुंततात. सुयांवर एकच धागा स्वतःच्याच फासांत अडकत पुढे जातो. या दोहोंच्या मध्ये शोभेल असा एक प्रकार आहे. चौकट मागासारखी, पण धागा एकच. चौकटीवर ओळीने खुंट्या असतात आणि प्रत्येक खुंटी एकेक टाका सांभाळते. या खुंट्यांवरच्या विणकामाचा परिचय आज वाचकांना करून द्यावयाचा आहे.

विणकाम म्हटले की लोकर आणि थंडी आठवते. मग कावेरीच्या काठच्या तंजावरात, जिथे स्वेटराची गरज क्वचितच भासते, तिथल्या गृहिणीने हा छंद कशासाठी धरावा? परंतु खुंट्यांना लोकरच हवी असा काही नियम नाही. जाड सुती दोराही तेवढाच चालतो. फक्त सूत लोकरीसारखे ताणत नाही, म्हणून वेढे सैल घालावेत, एवढे ध्यानी ठेवले की पुरे.

आरंभ अगदी साध्या साधनांनी करता येतो. पुठ्ठ्याची एक जाडसर नळी घ्यावी. आइस्क्रीमच्या ४ काड्या तिच्या बाहेरून समान अंतरावर चिकटपट्टीने अशा बसवाव्यात, की प्रत्येकीचे टोक काठाच्या वर बोटाच्या पेराएवढे राहील. दोऱ्याचे टोक नळीतून खाली सोडावे. मग प्रत्येक काडीभोवती एकेक पूर्ण वेढा घेत फेरी संपवावी आणि त्याच्याच वर दुसरी फेरी घालावी. आता प्रत्येक काडीवर दोन वेढे झाले. खालचा वेढा क्रोशाच्या सुईने उचलून, वरच्या वेढ्यावरून व काडीच्या माथ्यावरून नेऊन नळीच्या आत सोडावा. चारही काड्यांवर असे केले की एक ओळ झाली. पुन्हा एक फेरी, पुन्हा तीच उचल. अधूनमधून खालचे टोक हलके ओढीत राहावे. पाहता पाहता नळीतून गोल, भरीव नाडी उतरू लागते. हवी तेवढी लांबी झाली की दोरा तोडून त्याचे टोक सुईने उरलेल्या ४ फासांतून ओवावे आणि ओढून घट्ट करावे.

अशी नाडी पिशवीच्या तोंडाला होते, तोरणाला होते. नवरात्रात बाहुल्यांचा कोलू मांडतात, त्याच्या पायऱ्यांना किनार म्हणूनही शोभते. हात बसला की लाकडी पट्टीवर २४ खुंट्या ठोकून घ्याव्यात. त्यांवर उजवीकडून डावीकडे आणि पुन्हा माघारी असे विणीत गेल्यास सपाट फडके तयार होते. खुंट्या वर्तुळात असल्या तर टोपी होते.

या छंदाचा विशेष गुण त्याच्या रचनेतच आहे. सुयांवरचे काम अर्ध्यात टाकले तर टाका निसटण्याची धास्ती असते. इथे प्रत्येक फास आपापल्या खुंटीवर स्वस्थ बसून राहतो. दूध उतू जाऊ लागले, पाहुणे आले, मूल रडले, तरी काम जिथे ठेवले तिथेच सापडते. चूक झाली तर ती कोणत्या खुंटीवर झाली हे दिसते आणि ओळ उसवून पुन्हा घालता येते. म्हणून लहान मुलांना हे लवकर जमते, आणि नजर किंवा हात पूर्वीसारखे चालत नाहीत अशा वडीलधाऱ्यांनाही ते सहसा झेपते. हे काही औषध नव्हे. पण वेढा, उचल, वेढा, उचल या लयीत दिवसभराचा शीण हळूहळू निवतो, हे करून पाहणाऱ्यास कळते.

कोणी म्हणेल, बाजारात याहून सुबक वस्तू स्वस्तात मिळते, मग हा खटाटोप कशाला? तंजावरच्याच इतिहासात याचे उत्तर सापडते. येथील भोसले राजांच्या दरबारासाठी कोडाली करुप्पूर गावी एक अपूर्व वस्त्र होत असे. सुती कापडात जरीची बुट्टी मागावरच भरायची, मग मेणाने रेखाटन करून ते गडद लाल रंगात रंगवायचे, म्हणजे रंगाआडून जर मंद चमके. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे निवर्तले, औरस पुत्र नसल्याने गादी संपली आणि आश्रयदात्याबरोबर ते वस्त्रही मावळले. आज ते संग्रहालयांत पाहावे लागते. हाताने रंगविलेल्या कापडाची कला मात्र त्या परिसरात टिकली, कारण देवळांना छत आणि तोरणे लागतच राहिली; करुप्पूरच्या कलमकारीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. एकाच आश्रयावर उभी असलेली कला त्या आश्रयाबरोबर जाते. अनेकांना जिची गरज असते ती तग धरते.

आपल्या घरच्या खुंट्यांना राजाश्रय नको आणि गिऱ्हाईकही नको. पण त्यांचा एक उपयोग घराबाहेरही होतो. वीतभर फडक्यासाठी संध्याकाळ खर्ची घातली, की कापडामागचे श्रम बोटांना कळतात. कुंभकोणम्‌जवळच्या तिरुभुवनम्‌ची रेशमी साडी किंवा आपल्या पैठणची पैठणी हाती घेताना मग आपण आधी वीण पाहतो, किंमत मागाहून विचारतो. असे जाणते गिऱ्हाईक घरोघरी असेल, तर हातमागाला एखाद्या राजाची वाट पाहावी लागणार नाही.

तेव्हा वाचकहो, एक नळी, ४ काड्या आणि सुताची एक लड एवढ्यावर या रविवारी आरंभ करावा. पहिली नाडी वेडीवाकडी होईल. ती उसवू नये, जपून ठेवावी. दुसरी तिच्याहून बरी झाली, हे तिच्यामुळेच समजेल.