उंची नको, बैठक हवी!

इंटर्नशिपचं पहिलं मानधन हातात आलं आणि मी काय घेतलं? ट्रायपॉड! हजाराच्या आत, पाच फुटी, वर मोबाइल होल्डर फ्री. जाम खूश होते. मग पावसाळ्यात ग्रुपबरोबर सड्यावर गेले. समोर दवबिंदू! किडे पकडून खाणारी, जमिनीला जवळजवळ चिकटलेली इवलीशी वनस्पती. ट्रायपॉड पूर्ण मिटवला, तरी कॅमेरा माझ्या गुडघ्यापाशी. शेवटी ओल्या गवतात आडवी झाले, श्वास रोखून पंचवीसेक फोटो काढले. घरी येऊन पाहते तर एकही शार्प नाही. आणि मी पडले होते तिथली फुलं चिरडली, ती वेगळीच.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय. क्लोजअपसाठी ट्रायपॉड घेताना 'किती उंच जातो' हे विचारूच नका. 'किती खाली बसतो' ते विचारा.

कारण साधं आहे. मॅक्रो लेन्सने वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटवायची असेल, तर एफ/८ ला जेमतेम एक मिलिमीटर भाग फोकसमध्ये राहतो. हात तेवढा हलला की संपलं! स्वस्त उंच ट्रायपॉडचे पाय मधल्या दांडीला आडव्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. त्यामुळे ते पूर्ण फाकत नाहीत आणि कॅमेरा खाली येत नाही. मधली दांडी वर ओढली की सगळं डुगडुगतं ते आणखी वेगळं.

मग काय बघायचं? प्रत्येक पाय वेगवेगळा फाकवता यावा. मधली दांडी आखूड असावी किंवा काढता यावी. दुकानात स्वतःचा कॅमेरा लावून बघायला लाजू नका. लेन्स खाली झुकवा, स्क्रू घट्ट करा आणि मिनिटभर थांबा. कॅमेऱ्याने हळूच मान टाकली, तर तो ट्रायपॉड तिथेच ठेवून या.

ग्रुपमधले काही 'सर' लोक सांगतात, कार्बन फायबर नसेल तर मॅक्रोच्या नादाला लागू नका. मला हे पटत नाही. जड, बुटका, सेकंडहँड अॅल्युमिनियमचा ट्रायपॉडही आपलं काम करतो. वजन वाहायचा कंटाळा येतो, मान्य; पण तेच वजन कॅमेरा स्थिर ठेवतं. दोघा-तिघांत मिळून घेतला तर खिशालाही परवडतो. तेवढेही पैसे नसतील तर जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवा, त्यात तांदूळ भरा, त्यावर कॅमेरा टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. खर्च जवळपास शून्य!

अर्थात, वाऱ्याने फूल डोलत असेल तर ट्रायपॉड काहीच करू शकत नाही. उडत्या-पळत्या किड्यांनाही तो गाठू शकत नाही. तिथे फ्लॅश आणि नशीब.

या पावसाळ्यात पुन्हा त्याच सड्यावर जाणार आहे, मैत्रिणीबरोबर अर्धे अर्धे पैसे काढून घेतलेला बुटका ट्रायपॉड घेऊन. पायवाटेच्या कडेलाच बसायचं ठरवलंय. तीन पाय टेकवायला उघडा कातळ मिळाला तरच फोटो काढायचा, नाहीतर नुसतं बघायचं. एका फोटोसाठी आणखी फुलं चिरडायची नाहीत.