फळमाशीच्या अंड्यातील पहिले तीन तास

मराठीत ‘फळमाशी’ या एकाच नावाने दोन वेगळ्या कुळांतील कीटक ओळखले जातात. आंबा-पेरूच्या सालीखाली अंडी घालणारी बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस ही बागायतदाराची वैरीण. आंबलेल्या फळांवर घिरट्या घालणारी चिमुकली ड्रोसोफिला ही प्रयोगशाळेतील माशी. दुसरीच्या भ्रूणावरील संशोधनाचा शेतीला काय उपयोग, हा प्रश्न त्यामुळेच वारंवार विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. ‘काहीच नाही’ हे त्यामागे गृहीत धरलेले उत्तर मात्र चुकीचे आहे.

ड्रोसोफिलाच्या फलित अंड्यात आरंभी पेशी विभागतच नाहीत, विभागतात ती केवळ केंद्रके. एकाच सामाईक पेशीद्रवात सुरुवातीची विभाजने दर आठ-नऊ मिनिटांनी होतात. अशा १३ विभाजनांनंतर, अंडे घातल्यापासून सुमारे तीन तासांत, जवळपास ६,००० केंद्रकांभोवती एकाच वेळी पेशीपटले उभी राहतात. तोवरचा कारभार मुख्यतः मातेने अंड्यात भरून दिलेल्या शिदोरीवर चालतो. पटले उभारताना मात्र भ्रूणाला स्वतःची काही जनुके कार्यान्वित करावी लागतात.

नेमक्या याच जनुकांचे नियंत्रक भाग वापरून भूमध्यसागरी फळमाशीचे असे वाण प्रयोगशाळेत तयार झाले आहेत, की ज्यांतील मादी-भ्रूण अंड्यातच मरतात. वंध्य नर सोडण्याच्या पद्धतीत याचे मोल मोठे आहे, कारण निरुपयोगी माद्या पोसण्याचा खर्च वाचतो.

तथापि उसनवारीला मर्यादा आहे. ड्रोसोफिलात लिंगनिश्चिती एक्स गुणसूत्रांच्या संख्येवर होते. भूमध्यसागरी फळमाशीत ती वाय गुणसूत्रावरील ‘मॉय’ जनुकामुळे होते, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिसमध्येही हेच जनुक नरत्व ठरवते. भ्रूणाच्या आरंभीच ते निष्प्रभ केल्यास वाय गुणसूत्र असूनही मादी निपजू शकते. म्हणजेच आपल्या किडीचा भ्रूण स्वतंत्रपणे अभ्यासण्यावाचून पर्याय नाही.

आपल्याकडील जीवनक्रमाच्या अभ्यासांत अंडी अवस्था बहुधा ‘उबवण कालावधी’ या एका रकान्यात आटोपते. मिथिल युजेनॉलचे सापळे केवळ नरांना आकर्षित करतात आणि सालीखालच्या अंड्यांपर्यंत फवारा पोहोचत नाही. तरीही ही अवस्था दुर्लक्षित राहावी, हे खेदजनक आहे. आरंभासाठी फार मोठी सामग्री लागत नाही: अंडी मिळवण्यासाठी छिद्रे पाडलेला प्लॅस्टिकचा डबा, स्थिर तापमानाचे कपाट, बाह्यकवच विरघळवण्यासाठी सौम्य विरंजक द्रावण आणि एक चांगला सूक्ष्मदर्शक.